एम्बर डेटात 'रिसोर्स टाइप नॉर्मलाइझ केलेला नाही' हा इशारा पुन्हा पुन्हा येतोय? या क्रमाने तपासा

एम्बर या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमधल्या जुन्या ॲपमध्ये एम्बर डेटा या, सर्व्हरकडची माहिती सांभाळणाऱ्या लायब्ररीची ५.३ किंवा त्यापुढची आवृत्ती घातली की कन्सोलमध्ये एकच इशारा शेकड्याने येऊ लागतो: अमुक रिसोर्स टाइप नॉर्मलाइझ केलेला नाही (म्हणजे मॉडेलचं नाव ठरलेल्या रूपात नाही), ॲपच्या कोडमध्ये त्याऐवजी तमुक वापरा. वेगवेगळ्या ॲपमध्ये हेच निस्तरताना माझ्या तपासणीचा एक क्रम ठरून गेला आहे. स्वस्त आणि सोप्या गोष्टी आधी, डोकं खाणाऱ्या नंतर.

उदाहरणासाठी एकच मॉडेल धरतो: ऑर्डर-आयटम. मध्ये डॅश असलेलं हे रूप बरोबर. ऑर्डरआयटम असं जोडून लिहिलं की ते कॅमलकेस समजा, म्हणजे मूळ कोडमध्ये दुसरा शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो. ऑर्डर_आयटम हे अंडरस्कोअरचं रूप.

लक्षणं

पहिलं लक्षण म्हणजे तो इशाराच. त्याचा आयडी 'डेप्रिकेट-नॉन-स्ट्रिक्ट-टाइप्स'. तो डेव्हलपमेंट आणि टेस्ट बिल्डमध्येच दिसतो. प्रॉडक्शन बिल्डमध्ये एम्बरचे असे इशारे निघत नाहीत, त्यामुळे 'लाइव्हवर तर सगळं शांत आहे' यावर अजिबात विसंबू नका.

बाकीची लक्षणं इतकी सरळ समोर येत नाहीत:

- रेकॉर्ड नेटवर्क टॅबमध्ये आलेलं दिसतं, पण स्टोअरमध्ये, म्हणजे लायब्ररीच्या मेमरीतल्या साठ्यात, ते शोधणारं पीकरेकॉर्ड नल (काहीच नाही) देतं.
- वेबसॉकेटवरून ताजी माहिती येते, स्टोअरमध्ये जाते, आणि स्क्रीनवरचा आकडा जुनाच राहतो.
- कोणी कधी न लिहिलेल्या नावाचं मॉडेल सापडत नाही म्हणून एरर येते. 'मेटाडेटम' हे त्यातलं माझ्या चांगलंच ओळखीचं झालेलं नाव.
- फाइल जागेवर असताना मॉडेल सापडत नाही असं सांगितलं जातं.
- इशारे एकाएकी शून्य होतात, आणि त्यानंतर वरच्यांपैकी काहीतरी सुरू होतं.

शेवटचं लक्षण सगळ्यात धोक्याचं. तपासणी तिथूनच सुरू करतो.

मुळात बदललं काय

आत्तापर्यंत स्टोअरला कोणतंही नाव दिलं तरी लायब्ररी ते गुपचूप डॅशच्या रूपात बदलून घ्यायची. याला इतिहास आहे. २०१५ पर्यंत लायब्ररी स्वतःच टाइपकी नावाच्या गुणधर्मात कॅमलकेस नावं ठेवत होती. त्या वर्षी त्याच्या जागी मॉडेलनेम आलं आणि डॅशचं रूप अधिकृत झालं. जुना कोड मोडू नये म्हणून नावं बदलून घेण्याची सोय राहिली, आणि त्या सोयीवर आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं कोड लिहिला.

आता ती सोय काढली जात आहे. पुढे सर्व्हर जे नाव देईल तेच, कुठल्याही रूपात, टाइप म्हणून वापरता यावं हा त्यामागचा हेतू आहे. लायब्ररी नावाला हात लावत राहिली तर ते शक्य नाही. म्हणून नाव जिथे लिहिलं जातं तिथेच ते अचूक हवं.

तपासणी १: बिल्डची सेटिंग (एक मिनिट)

ॲपची बिल्ड फाइल उघडा आणि एम्बर डेटाच्या सेटिंगमध्ये 'डेप्रिकेशन्स' या भागात नॉन-स्ट्रिक्ट-टाइप्सच्या फ्लॅगपुढे फॉल्स लिहिलंय का ते पाहा. 'कम्पॅटविथ'मध्ये (कोणत्या आवृत्तीपर्यंतचे इशारे निस्तरले आहेत हे सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) ५.३ किंवा वरची आवृत्ती दिली आहे का, तेही पाहा.

इथे होणारी गफलत मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. फॉल्स म्हणजे 'इशारा दाखवू नको' असं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ 'माझं काम झालं आहे, जुनी सोय बिल्डमधून काढून टाक' असा होतो. इशारा जातो, पण त्याच्यासोबत नाव बदलून घेणारा कोडही जातो. चुकीची नावं आता तशीच्या तशी आत शिरतात.

एका ॲपमध्ये टीममधल्या कोणीतरी अगदी चांगल्या हेतूने हा फ्लॅग फॉल्स केला होता. दोन दिवसांनी तक्रार आली: दुसऱ्या टॅबमध्ये नग २ चे ३ केले की या टॅबमध्ये २ च राहतात. वेबसॉकेटचा मेसेज वेळेवर येत होता, त्यात ३ होते, स्टोअरमध्ये पुशही होत होता. मी कन्सोलमध्ये दोन्ही नावांनी पीकरेकॉर्ड केलं आणि दोन्ही वेळा रेकॉर्ड मिळालं. मग रेकॉर्डआयडेंटिफायरफॉर वापरून दोघांचे लिड (स्टोअरने दिलेले अंतर्गत ओळख-क्रमांक) छापले. एकात ऑर्डर-आयटम-४२, दुसऱ्यात ऑर्डरआयटम-४२. एकाच वस्तूच्या दोन प्रती मेमरीत शेजारी शेजारी बसल्या होत्या. स्क्रीन पहिलीकडे पाहत होती आणि नवा आकडा दुसरीत पडत होता.

एरर का आली नाही? स्टोअर रेकॉर्डची ओळख टाइप आणि आयडी यांच्या जोडीवरून ठरवतं, आणि टाइपमधलं एक अक्षर वेगळं असलं तरी त्याच्या लेखी ते दुसरं रेकॉर्ड. इकडे मॉडेलचा क्लास शोधणारा ॲपचा रिझॉल्व्हर मात्र आजही स्वतःहून नावाला डॅश घालून फाइल शोधतो. क्लास दोन्ही नावांना सापडतो, ओळखी मात्र दोन होतात.

फ्लॅग फॉल्स सापडला तर आधी तो काढा आणि इशारे परत येऊ द्या. तेच तुमचे वाटाडे आहेत.

तपासणी २: इशारा नीट वाचा आणि मोजा (दहा मिनिटं)

इशाऱ्यात चुकलेलं नाव आणि हवं असलेलं नाव, दोन्ही असतात. कुठलाही कोड उघडण्याआधी वेगवेगळ्या नावांच्या जोड्या कागदावर उतरवा. शेकडो इशाऱ्यांमागे बहुतेक वेळा मूठभर नावंच निघतात. एम्बर इन्स्पेक्टरचा डेप्रिकेशन्स टॅब मोजदाद करून देतो.

ओळीचा नंबर बऱ्याचदा लायब्ररीच्या पोटातला असतो, आपल्या कोडमधला नाही. अशा वेळी डेप्रिकेशन वर्कफ्लो हे ॲडऑन बसवा आणि या एका आयडीसाठी हँडलर 'थ्रो' ठेवा. मग पहिल्या चुकीलाच ॲप थांबतं आणि स्टॅक ट्रेसमध्ये आपली फाइल दिसते. हाच हँडलर 'सायलेन्स' केला तर इशारा फक्त लपतो, वागणूक बदलत नाही. वरच्या फ्लॅगमध्ये आणि यात हा फरक आहे.

जोड्या लिहिताना चूक कोणत्या जातीची आहे ते शेजारी नोंदवा. कॅमलकेस असेल तर चूक बहुधा आपल्या जावास्क्रिप्टमधली. अंडरस्कोअर असेल तर नाव सर्व्हरकडून आलेलं असण्याची शक्यता जास्त. अनेकवचन असेल तर आधी रिलेशनशिप (मॉडेलमधली नाती) आणि मग पेलोड (सर्व्हरकडून आलेली माहिती) पाहा. एवढ्याने निम्मा शोध वाचतो.

तपासणी ३: स्टोअरला थेट केलेले कॉल (अर्धा तास)

फाइंडरेकॉर्ड, फाइंडऑल, क्वेरी, क्वेरीरेकॉर्ड, पीकरेकॉर्ड, पीकऑल आणि क्रिएटरेकॉर्ड यांच्या पहिल्या आर्ग्युमेंटमध्ये मोठं अक्षर किंवा अंडरस्कोअर आहे का, हे रेजेक्सने शोधा. लोक अनलोडऑल, मॉडेलफॉर, ॲडॅप्टरफॉर आणि सीरियलायझरफॉर विसरतात. अनलोडऑल तर टेस्टच्या साफसफाईत दडलेलं असतं.

ही पायरी आधी करायची कारण इथली दुरुस्ती यांत्रिक आहे आणि इशाऱ्यांचा मोठा ढीग इथेच संपतो. मग उरलेले खरे प्रश्न दिसू लागतात.

सरसकट शोधा-आणि-बदला मात्र करू नका. तीच अक्षरं भाषांतराच्या कीमध्ये, परवानग्यांच्या नावांत, सीएसएसच्या क्लासमध्ये असू शकतात. मिराज (टेस्टसाठी खोटा सर्व्हर उभा करणारं साधन) वापरत असाल तर त्याच्या स्कीमामध्ये कलेक्शनची नावं कॅमलकेस आणि अनेकवचनीच असतात. ती बरोबर आहेत, तिथे डॅश घालायला गेलात तर टेस्ट मोडतील.

तपासणी ४: रिलेशनशिप

बिलाँग्सटू आणि हॅजमेनीमध्ये पूर्वी नाव दिलंच नाही तरी चालायचं. लायब्ररी प्रॉपर्टीचं नाव घ्यायची, त्याला डॅश घालायची आणि हॅजमेनी असेल तर त्याचं एकवचन करायची. ऑर्डरआयटम्स या प्रॉपर्टीवरून ऑर्डर-आयटम शोधलं जायचं ते असं. टाइप, एसिंक आणि इन्व्हर्स हे तिन्ही स्पष्ट लिहा असा इशारा ४.७ पासूनच येत होता. अनेकांनी तेव्हा तो पुढे ढकलला.

प्रत्येक हॅजमेनीत एकवचनी, डॅशचं नाव हाताने लिहा. मॉडेलच्या फाइलचं नाव कॉपी केलं की चूक होत नाही. पॉलिमॉर्फिक नातं (एकाच नात्यात वेगवेगळ्या प्रकारची रेकॉर्ड) असेल तर पायाभूत प्रकाराचं नावही त्याच नियमाने तपासा.

तपासणी ५: चालता चालता तयार होणारी नावं

शोधून न सापडणारे इशारे इथले असतात. नाव कोडमध्ये लिहिलेलंच नसतं. ते यूआरएलच्या तुकड्यातून येतं, ड्रॉपडाउनच्या व्हॅल्यूतून येतं, दोन स्ट्रिंग जोडून बनतं, नाहीतर दुसऱ्या रेकॉर्डच्या 'ओनर टाइप'सारख्या ॲट्रिब्यूटमधून येतं.

रेकॉर्ड हातात असेल तर त्याच्या क्लासवरचं मॉडेलनेम घ्या, ते आधीच योग्य रूपात असतं. बाहेरून आलेल्या नावासाठी एक छोटा तक्ता ठेवा: डावीकडे येणारं नाव, उजवीकडे मॉडेलचं नाव, आणि तक्त्यात नसलेलं नाव आलं की स्पष्ट एरर. डॅशराइझ हे फंक्शन जागोजागी पेरलं तरी इशारा जाईल, पण ज्या अदृश्य सोयीतून आपण बाहेर पडतोय तीच आपण पुन्हा हाताने बांधलेली असेल. तक्ता दिसतो, वाचता येतो, आणि नवीन माणसाला कोणत्या नावांची ये-जा आहे ते एका नजरेत कळतं.

तपासणी ६: सर्व्हरकडून येणारी नावं

इथे घाई करू नका. पेलोड कोणत्या दाराने आत येतो हे आधी ठरवा, कारण प्रत्येक दाराचा नियम वेगळा आहे.

पहिलं दार सीरियलायझरचं, म्हणजे सर्व्हरचं उत्तर स्टोअरच्या रूपात बदलणाऱ्या भागाचं. जेसन एपीआयच्या सीरियलायझरमध्ये मॉडेलनेमफ्रॉमपेलोडकी ही पद्धत आलेल्या टाइपचं एकवचन करते आणि त्याला डॅश घालते. ऑर्डर_आयटम्स आलं तरी आत ऑर्डर-आयटमच जातं, आणि हे काम आजही चालू आहे, काढलेलं नाही. या दाराने येऊनही इशारा दिसत असेल तर कोणीतरी ही पद्धत ओव्हरराइड करून की जशीच्या तशी परत दिली आहे. ती ओव्हरराइड शोधा. सर्व्हरकडच्या नावात दोन कोलन असतील, म्हणजे मॉड्यूलचं नाव आणि मग क्लासचं, तर साधा सीरियलायझर त्याचं स्लॅश करत नाही. तिथे मात्र ओव्हरराइड हवीच.

दुसरं दार पुशपेलोडचं. तेही सीरियलायझरमधूनच जातं.

तिसरं दार थेट पुशचं, आणि बिघाड बहुतेक इथेच असतो. फेचने आणलेला जेसन किंवा वेबसॉकेटचा मेसेज सरळ स्टोअर.पुश केला तर मध्ये सीरियलायझर येतच नाही. पूर्वी स्टोअर नाव सावरून घ्यायचं, आता घेणार नाही. वरच्या गोष्टीतला ४२ नंबरचा रेकॉर्ड याच दाराने आला होता.

चौथं दार नव्या रिक्वेस्ट मॅनेजरचं. त्यातून आलेलं उत्तर कॅशेमध्ये थेट जातं, म्हणून नावं बदलायची असतील तर त्यासाठी आपला हँडलर लिहावा लागतो.

सर्व्हरच चुकतोय असं लगेच ठरवू नका. जेसन एपीआयचं स्पेसिफिकेशन टाइप एकवचनी हवा की अनेकवचनी याबद्दल आग्रह धरत नाही, तो सगळीकडे सारखा असावा एवढंच सांगतं. सर्व्हर अनेकवचन देत असेल तर तो नियमात आहे. दोन बाजूंच्या नावांचा मेळ घालणं क्लायंटच्या सीमेवरचं काम आहे, आणि ते एकाच जागी व्हावं. मी थेट पुश करणाऱ्या सगळ्या जागा एका सर्व्हिसमध्ये आणतो आणि तिथे तपासणी ५ मधला तक्ता लावतो. त्या सर्व्हिसबाहेर स्टोअर.पुश दिसला की रिव्ह्यूमध्ये थांबवतो.

तपासणी ७: एकवचनाचे नियम

'मेटाडेटम' हे नाव इथून येतं. इंग्रजी शब्दांचं एकवचन करणारे नियम शब्दाच्या शेवटावर चालतात. शेवटी 'डेटा' दिसलं की ते 'डेटम' करतात, त्यामुळे मेटाडेटा नावाच्या मॉडेलसाठी मेटाडेटम शोधलं जातं. कॅम्पस या शब्दाचा शेवटचा 'एस' अनेकवचनाचा समजून ते कापतात आणि 'कॅम्पु' नावाचं मॉडेल मागतात.

अशा शब्दांना इन्फ्लेक्टरमध्ये (हे नियम ठेवणाऱ्या भागात) अनकाउंटेबल, म्हणजे एकवचन-अनेकवचन एकच असलेले, म्हणून नोंदवा, किंवा अनियमित जोडी म्हणून एकवचन-अनेकवचन दोन्ही द्या. ही नोंद ॲप सुरू होताना, पहिली रिक्वेस्ट जाण्याआधी झाली पाहिजे. उशिरा झाली तर पहिला पेलोड जुन्या नियमाने वाचला जातो, बाकीचे नव्या, आणि बिघाड कधी दिसतो, कधी दिसत नाही. नवीन आवृत्त्यांत हे नियम रिक्वेस्ट-युटिल्स पॅकेजमध्ये आले आहेत. जुन्या इन्फ्लेक्टरमध्ये केलेली नोंद नव्यात आपोआप येईल असं गृहीत धरू नका, तिथेही ती आहे का ते बघा.

तपासणी ८: ॲडऑनच्या आतला कोड

इथवर येऊनही इशारे उरले तर स्टॅक ट्रेसमध्ये ॲडऑनचं नाव दिसेल. आधी त्याची नवी आवृत्ती पाहा. लॉक फाइलमध्ये एम्बर डेटाच्या दोन आवृत्त्या तर आल्या नाहीत ना, तेही पाहा. ॲडऑनमध्ये पॅच लावायची वेळ आलीच तर तो पॅच मूळ प्रोजेक्टकडे पाठवा. आपल्याकडे ठेवलेला पॅच पुढच्या अपग्रेडला पुन्हा वेळ खातो.

शेजारचा बिघाड

याच ५.३ मध्ये 'डेप्रिकेट-नॉन-स्ट्रिक्ट-आयडी' हा दुसरा इशाराही आला. आयडी स्ट्रिंग हवा, नंबर नको. लक्षणं तीच, आणि दार बहुतेक वेळा तेच: थेट पुश. तपासणी ६ करताना आयडीचं स्ट्रिंगमध्ये रूपांतरही तिथेच करून टाका. दोन्ही इशारे वेगवेगळे मोजा, नाहीतर किती उरले याचा हिशोब लागत नाही.

कुठे थांबायचं

काही ठिकाणी पुढे जाणं म्हणजे माहिती बिघडवणं. नाव डेटाबेसमध्ये साठवलेलं असेल, उदाहरणार्थ पॉलिमॉर्फिक टाइपच्या कॉलममध्ये, तर क्लायंटच्या सोयीसाठी ते बदलू नका. तिथे थांबा आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांना बोलवा, कारण त्या नावावर दुसरे ग्राहक, रिपोर्ट, मोबाइल ॲप अवलंबून असू शकतात. लोकलस्टोरेज किंवा इंडेक्स्डडीबीमध्ये जुन्या नावांनी रेकॉर्ड साठवून ऑफलाइन चालणारं ॲप असेल तर वापरणाऱ्यांच्या मशीनवरचा डेटा स्थलांतरित करावा लागतो. असं स्थलांतर आधी केलेला माणूस सोबत असल्याशिवाय हात घालू नका. न पाठवलेले बदल त्यात गेले तर परत आणता येत नाहीत.

ॲपने स्टोअरचा क्लास स्वतः वाढवून त्याच्या खाजगी पद्धती ओव्हरराइड केल्या असतील तरीही थांबा. त्या पद्धती आवृत्तीगणिक बदलतात, आणि इशारा घालवायच्या नादात कॅशेची हमी मोडते. लायब्ररीच्या आतल्या रचनेची माहिती असलेला अनुभवी एम्बर डेव्हलपर बघू द्या. आणि ॲप अजून ३ च्या मालिकेत असेल तर नावांची दुरुस्ती आत्ताही करता येईल, पण थेट ५ वर उडी मारायची असेल तर ते वेगळं, मोठं काम आहे. त्यासाठी अपग्रेड करणाऱ्या जाणकाराकडून आधी अंदाज घ्या.

फ्लॅग शेवटी कधी फिरवायचा

पूर्ण टेस्ट सूट 'थ्रो' हँडलरसह हिरवा झाला, डेव्हलपमेंटमध्ये प्रत्येक मुख्य स्क्रीन हाताने एकदा उघडून पाहिली आणि वेबसॉकेटचा किमान एक मेसेज प्रत्येक प्रकारासाठी येऊन गेला, की मगच फ्लॅग फॉल्स करा. तो बदल वेगळ्या कमिटमध्ये ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर तेवढाच मागे घेता येतो. त्यानंतर कन्सोलमध्ये एखाद्या लोड झालेल्या रेकॉर्डला जुन्या, कॅमलकेस नावाने पीकरेकॉर्ड करा. नल यायला हवं. रेकॉर्ड मिळालं तर त्या नावाने अजून कोणीतरी स्टोअरमध्ये पुश करतंय, आणि तुम्हाला तपासणी ६ कडे परत जायचं आहे.